पहिली पाठ कुणाची

नेव्हेनाने बॅगेत सगळ्यात जपून आणल्या होत्या त्या दोन छड्या. नॉर्वेतल्या तिच्या खोलीत, प्रयोगशाळेतून परतल्यावर रोज थोडं थोडं करून तिने त्यांना लोकर गुंडाळली होती, मक्याच्या लाह्यांच्या माळा ओवल्या होत्या, बारीक घंटा बांधल्या होत्या. तिच्या गावाकडे नव्या वर्षाच्या सकाळी पोरं अशी छडी मोठ्यांच्या पाठीवर मारत आयुरारोग्य चिंततात. ओग्न्यानच्या, म्हणजे नेव्हेनाच्या भावाच्या घरात एक गोष्ट कुणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होती: पोरं ज्याच्या पाठीपासून सुरुवात करतात, तो त्यांचा सगळ्यात लाडका.

गेली दोन वर्षं तो मान झोर्नित्साचा होता. झोर्नित्सा ही पोरांची मावशी, खालच्याच मजल्यावर राहणारी. नेव्हेना ते फोनच्या पडद्यावर बघायची आणि हसायची. हसून झालं की फोन पालथा ठेवायची.

यंदा ती स्वतः ट्रोयानला, भावाच्या गावी आली होती. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी तिने छड्या बाहेर काढल्या. तिच्या थोरल्या भाच्याने, आठ वर्षांच्या कालोयानने एक हातात घेतली, साल नखाने खरवडली आणि मोठ्या माणसासारखा गप्प राहिला. पाच वर्षांच्या बोरिलला तेवढा पोच नव्हता.

"आत्या, ही बर्चची आहे. बर्चचा तर झाडू करतात."

भावजय हसली. ओग्न्यान हसला. शेगडीपाशी उभी असलेली झोर्नित्साही हसली, आणि नेव्हेनाला ऐकू आलं ते तेवढंच हसू. छडी द्रियानचीच हवी, कडक थंडीतही कळ्या धरणाऱ्या त्या झाडाची, हे तिला का माहीत नव्हतं? पण तिकडे द्रियान मिळेना, आणि रिकाम्या हाताने यायचं तिच्या जिवावर आलं होतं. प्रयोगशाळेत तपासणीला आलेलं पाणी कमी पडलं म्हणून त्यात नळाचं मिसळणाऱ्याला तिने कामावरून काढायला लावलं असतं. इथे तिने तेच केलं होतं.

झोर्नित्साने पोरांबरोबर टेकडीवर जाऊन द्रियानच्या फांद्या आणल्या होत्या. त्या दाराआड तयार उभ्या होत्या, लाह्यांच्या माळा, वाळलेल्या मिरच्या आणि लाल दोरे बांधलेल्या. बोरिलची छडी वाकडी होती, आणि ती वाकडीच हवी म्हणून तो झाडाखाली कसा अडून बसला, हे मावशी सांगत होती. तो तिच्या मांडीला टेकून ऐकत होता. टेकताना त्याने मागे वळून बघितलंही नाही, मांडी तिथे असणारच हे धरून.

झोर्नित्सा खाली जायला निघाली तेव्हा नेव्हेना तिच्याबरोबर जिन्यापर्यंत गेली. पोरं आज जागणार, तेव्हा उद्या उशिरा उठतील, तू सावकाश ये, असं तिने अगदी सहज सांगितलं. झोर्नित्साने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि बरं म्हणाली.

पोरं अर्थात उजाडताच उठली. नेव्हेना त्यांच्याआधी उठून, केस विंचरून, स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहिली. काही झालं नाही. वळून बघते तर दोघं दाराजवळ बसलेले, द्रियानच्या छड्या गुडघ्यांवर.

"सुरू करा की," ती म्हणाली.

"मावशी यायचीय," कालोयान म्हणाला.

"आज आत्यापासून केलं तर?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "तू राग धरणार नाहीस. तू पाहुणी आहेस ना. मावशीला वाईट वाटेल."

छड्या फिरल्याशिवाय कुणी खायचं नाही, म्हणून चीज घातलेली, पापुद्र्यांची भाजलेली बानित्सा मेजावर निवत होती. बोरिलला भूक लागली होती, पण तो हट्टाने बसून राहिला. भावजयीने दोनदा घड्याळ बघितलं आणि ही झोर्नित्सा राहिली कुठे म्हणून पुटपुटली. शेवटी नेव्हेनाच खाली गेली.

दार लगेच उघडलं. झोर्नित्सा नवा ब्लाउज घालून, केस बांधून तयार होती; बूटसुद्धा पायात होते.

"मी तुला खोटं सांगितलं होतं," नेव्हेना म्हणाली.

"कळलं होतं मला. वर पावलं वाजतायत सकाळपासून." झोर्नित्साचा आवाज कोरडा होता. "मुद्दाम नाही आले. म्हटलं, बघू तरी, तुझ्यापासून सुरू करतात का." आणि मग, चौकट घट्ट धरून, "केली सुरुवात?"

हो म्हणणं सोपं होतं. वर जाईपर्यंत तरी तो मान तिचा राहिला असता.

"नाही. तुझ्यासाठी उपाशी बसलेत."

झोर्नित्साच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते तिने लपवायचा प्रयत्नही केला नाही. ती दोन दोन पायऱ्या चढत वर गेली.

मावशीच्या पाठीवर पोरं तुटून पडली. लाह्या जमिनीवर उडाल्या, छडी मारताना म्हणायचं गाणं अर्ध्यात चुकलं, सगळे हसले. मग नेव्हेना वाकली. कालोयानने तिला व्यवस्थित, मोजून मारलं. बोरिलची छडी पाठीला लागली की नाही तेही कळलं नाही. पाहुण्यांना मारतात तशी, नुसती टेकवली.

"अरे, जोरात मार. मावशीला मारलंस तसं."

बोरिलने हात उचलला. थांबला. आधी मावशीकडे बघितलं. मावशी हो म्हणाली, मग त्याने मारलं.