पहिला कॅमेरा कोणाचा

चार माणसं जमली की माझा मुलगा मला ‘मातोश्री’ म्हणायला लागतो. एरवी ‘आई, माझा चार्जर कुठंय’ आणि ‘आई, डोकं खाऊ नकोस’. पण फोटोग्राफर मंडळी घरी आली रे आली की, ‘या आमच्या मातोश्री, यांच्यामुळेच मी आज इथे आहे,’ आणि माझ्या खांद्यावर हात. तो हात एरवी भाजीची पिशवी उचलायलासुद्धा पुढे येत नाही. मला हे असलं वागणं खपत नाही. मी चौथीत शाळा सोडली, पण माया कुठली आणि देखावा कुठला एवढं मला कळतं.

आमचा स्टुडिओ खाली आणि घर वर. स्टुडिओ आमच्या ह्यांनी काढला. ते जाऊन सात वर्षं झाली. मुलगा बाहेरची मोठमोठी कामं करतो. कारखान्यांची यंत्रं, हॉटेलांच्या खोल्या, जिथे कुणाची पापणी लवत नाही असली कामं. स्टुडिओ चालवते माझी मुलगी. ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. पासपोर्टच्या फोटोला बसलेल्या माणसाची हनुवटी एका बोटाने अशी वळवते की फोटोत गुन्हेगार दिसणारा माणूस माणसासारखा दिसतो. रडकी पोरं तिच्यासमोर गप्प होतात. तरी गावभर ओळख काय, तर ‘स्टुडिओतल्या ताई’. फोटोग्राफर म्हणजे तो.

फोटोग्राफरांची एक संघटना आहे आणि आमचे चिरंजीव तिचे अध्यक्ष. वर्षातून एकदा ते मोठ्या हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन भरवतात. तिथे फक्त सदस्यांचेच फोटो लागतात. मुलीने इतक्या वर्षांत काढलेल्या माणसांच्या चेहऱ्यांचा एक खोका भरलाय. पन्नाशी आली, आता एकदा ते भिंतीवर लागलेले बघायचेत, एवढीच तिची इच्छा. म्हणून तिने दोन महिन्यांपूर्वी सदस्य होण्याचा अर्ज भरून भावाच्या हातात दिला होता. गेल्या रविवारी दुपारी आमच्याच स्टुडिओत बैठक होती, आणि यंदाचे अर्ज घेण्याची ती शेवटची बैठक.

अर्जांचं काम शेवटी होतं. आधी दुसरंच चाललं होतं. संघटना एक पुस्तक छापणार आहे, त्यात प्रत्येकाने आपल्या पहिल्या कॅमेऱ्याची आठवण सांगायची. मी चहा घेऊन गेले आणि तिथेच स्टुलावर बसले. म्हाताऱ्या बाईला ऊठ कोण म्हणतंय?

लग्नाचे फोटो काढणारे एक जाडे गृहस्थ आहेत, त्यांना सगळे ‘बोहला’ म्हणतात. ते म्हणाले, ‘‘माझा पहिला कॅमेरा मावसभावाकडून घेतलेला. पहिलंच लग्न. छत्तीस फोटो काढले, आकडा बरोबर छत्तीसवर आला. घरी येऊन बघतो तर रोलचं टोक दात्यांत अडकलंच नव्हतं! आकडा फिरत होता, फिल्म जागच्या जागी.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, नवरा-नवरीला आठ दिवसांनी परत नटवून उभं केलं. तोवर त्यांचं एक भांडण होऊन गेलेलं. सगळ्या फोटोंत दोघं दोन दिशांना बघतायत.’’

सगळे खो खो हसले. शाळांचे गटफोटो काढणारे मास्तर म्हणाले, ‘‘माझ्या पहिल्या कॅमेऱ्याची काच तडकलेली होती. तिसऱ्या रांगेतला प्रत्येक मुलगा चिरलेला यायचा. मी हेडमास्तरांना सांगायचो, तिथे मस्तीखोर पोरं उभी करा.’’

मग अध्यक्षमहाराज उभे राहिले. बसून सांगितलं असतं तरी चाललं असतं. ‘‘माझा पहिला कॅमेरा म्हणजे साधा डबा. पोटाशी धरायचा, वरून वाकून बघायचं, मागे लाल खिडकीत आकडा दिसेपर्यंत चावी फिरवायची. मी सात वर्षांचा होतो. बाबांनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, आधी बघायला शीक. आणि हा मी काढलेला पहिला फोटो.’’

त्याने कागद बाजूला करून मोठा फोटो टेबलावर उभा केला. गच्चीवर मी. दोरीवर चादरी, तोंडावर सकाळचं थेट ऊन, तोंड उघडं.

‘‘काय प्रसन्न हसताय हो काकू!’’ बोहला म्हणाला.

हसतेय कसली! मी ओरडत होते. मला तो क्षण लख्ख आठवला. ‘दूध उतू जाईल, खाली जा आधी!’ असं मी फोटो काढणाऱ्याला ओरडत होते. आणि दूध बघायला मी जन्मात कधी मुलाला पाठवलं नाही.

मास्तर चष्मा सारून जवळ गेले. ‘‘ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून येतंय. म्हणजे त्याची सावली पुढे पडणार, फोटोत येणारच. नवशिक्याची हटकून येते. सातव्या वर्षी तुम्हाला ती टाळायचं सुचलं?’’

‘‘बाबांची शिकवण,’’ मुलगा म्हणाला.

मुलगी कप गोळा करत होती. एका कपावर दुसरा ठेवला, त्यावर तिसरा. वर बघितलं नाही.

मग चिटणीसांनी वही उघडली. ‘‘यंदा नवीन अर्ज किती?’’

‘‘यंदा एकही नाही,’’ अध्यक्ष म्हणाले.

मी उठून मुलीच्या मागोमाग आतल्या मोरीपाशी गेले. ‘‘अगं, तू अर्ज दिला होतास ना?’’

‘‘दिला होता.’’

‘‘मग हा एकही नाही कसा म्हणतो?’’

ती कप विसळत राहिली. ‘‘त्यात एक रकाना आहे, आई. ‘स्वतःच्या मालकीचा पहिला कॅमेरा कोणता, कधी मिळाला?’ मी खरं लिहिलं. डब्बा कॅमेरा, आत्याने दिला, वय नऊ. तो अर्ज बैठकीत वाचला, तर त्याची आठवण खोटी ठरते.’’

‘‘आणि तू गप्प बसलीस? बाहेर तो फोटो लागलाय!’’

‘‘तो फोटो मीच मोठा करून दिला. गेल्या आठवड्यात. तो म्हणाला, ताई, खालून चार बोटं काप, काळं दिसतंय. कापलं.’’

‘‘कापलं म्हणजे? स्वतःच?’’

‘‘काम आलं की करायचं,’’ ती म्हणाली, आणि पाणी बंद केलं.

मी वर गेले. गुडघे दुखतात, पण त्या वेळी जिना मला कमी पायऱ्यांचा वाटला. कपाटात बिस्किटांच्या डब्यात जुने फोटो आहेत. त्या कॅमेऱ्याचे प्रिंट निगेटिव्हएवढेच, तळहातात मावणारे. सापडला. वर मी, चादरी, आणि खाली गच्चीच्या फरशीवर फोटो काढणाऱ्याची लांब सावली. खाली वाकलेलं डोकं, पोटाशी धरलेला डबा, आणि दोन्ही बाजूंना दोन वेण्या. एका वेणीची रिबीन सुटून लोंबत होती. ती रिबीन मीच घाईत बांधली होती.

खाली आले आणि मुलाला म्हटलं, ‘‘जरा आत ये.’’

‘‘मातोश्री, बैठक...’’

‘‘अध्यक्षांशिवाय पाच मिनिटं काही बुडत नाही. ये.’’

पूर्वीची डार्करूम आता अडगळीची खोली झालीय. तिथे आम्ही उभे राहिलो. मी प्रिंट त्याच्या हातावर ठेवला. त्याने बघितला, पण जसा पहिल्यांदा बघतोय तसा नाही.

‘‘या वेण्या तुझ्या का रे?’’ मी विचारलं.

‘‘आई, आत्ता नको.’’

‘‘आत्ताच. बहिणीच्या हातून बहिणीची सावली कापून घेतलीस. लाज नाही वाटली?’’

तो भिंतीला टेकला. टक्कल पडलंय, पण ओरडा बसला की तोंड अजून सात वर्षांचंच होतं. म्हणाला, ‘‘मला कुणी सांगितलं तो कॅमेरा माझा म्हणून? आठवतंय तुला? मला आठवतंय. तू माझ्या हातात दिलास, आणि म्हणालीस, बाबांनी तुझ्यासाठी ठेवलाय. मी चाळीस वर्षं तेच सांगत आलो. मी खोटं कुठे बोललो?’’

माझी नजर प्रिंटमधल्या सुटलेल्या रिबिनीवर गेली.

तो म्हणत होता ते खरं होतं. माझ्या नणंदेने कॅमेरा पोरीला दिला होता, नाव घेऊन, सगळ्यांसमोर. सहा महिने पोरगी तो पोटाशी धरून हिंडत होती. मग ह्याने हट्ट धरला. तीन दिवस जेवला नाही, अंग तापलं. मी पोरीच्या हातातून कॅमेरा काढून घेतला, आत चार फोटो शिल्लक असताना. ‘चार दिवस दे त्याला,’ म्हटलं. पाचव्या दिवशी ती मागायला आली, तर म्हटलं, ‘तुला काय करायचंय? उद्या लग्न होऊन जाशील, तिथे काय सासूचे फोटो काढणारेस?’ लग्न तिने पुढे केलंच नाही. पोरगी रडली नाही. बापाच्या मागे डार्करूममध्ये जाऊन उभी राहायला लागली, प्रिंट धुवायला. मला वाटलं, चला, विसरली. आईला सोयीचं असतं ते आई लगेच मानते. ह्यांनी एकदा विचारलं होतं, ‘पोरीचा कॅमेरा कुठंय?’ मी विषय बदलला.

‘‘बोल ना आता,’’ मुलगा म्हणाला. आवाज दबका होता, दाराबाहेर माणसं होती. ‘‘मला खरंच तेवढंच आठवत होतं. अर्ज वाचला तेव्हा कळलं. मग हा प्रिंट काढून बघितला, तेव्हा खात्री पटली.’’

‘‘अर्ज कधी वाचलास?’’

त्याने हातातला प्रिंट उलटा केला.

‘‘कधी?’’

‘‘ताईने दिला त्याच दिवशी.’’

‘‘आणि आहे कुठे तो?’’

‘‘माझ्या टेबलाच्या खणात.’’ मग एकदम म्हणाला, ‘‘अगं, मी ही गोष्ट शंभर ठिकाणी सांगितलीय. मुलाखती दिल्यात. बाहेर आता काय तोंड दाखवू? पुढच्या वर्षी घेऊ ना तिला. ती काही म्हणते का? तिला चालतं सगळं.’’

दाराच्या फटीतून मुलगी दिसत होती. बोहल्याच्या बशीत बिस्किटं वाढत होती आणि तो मान वर न करताच तिला म्हणत होता, ‘‘ताई, अजून थोडी साखर मिळेल का?’’ ती साखर आणायला वळली.

‘तिला चालतं’ हे वाक्य या घरात आणलं कुणी, ते मला माहीत होतं. माझ्याच तोंडचं ते. पण म्हणून ते त्याला वापरू द्यायचं? मी त्याच्या हातातून प्रिंट काढून घेतला, दुसऱ्या हाताने दाराची कडी काढली, आणि म्हटलं,

‘‘ऐक. कॅमेरा मी हिसकावला, खोटं मी सांगितलं. ती चाळीस वर्षं माझ्या नावावर, आणि ती मी आत्ता बाहेर जाऊन सगळ्यांसमोर माझ्या तोंडाने कबूल करणार आहे. त्यात तुझा काही दोष नाही. पण खणातले हे दोन महिने तुझे आहेत. ते मी माझ्या अंगावर घेणार नाही. खण उघड, अर्ज आण, आणि उभं राहून तूच वाच. तो रकाना मोठ्याने.’’