जोडीचा बिल्ला

टक्. थोडा वेळ काहीच नाही, आणि मग पुन्हा टक्.

रविवारची दुपार होती. घर नुकतंच निजलं होतं आणि तिला कसाबसा स्वतःचा असा एक तास मिळाला होता. हातातलं पुस्तक पालथं ठेवून ती न्हाणीघरात गेली. धुण्याचं यंत्र कपडे फिरवत होतं आणि दर फेरीला आत काहीतरी पत्र्यावर आपटत होतं.

"काय गं, यंत्राचे दात वाजतायत का?" आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं. त्यांची झोप मांजराची. डोळे मिटलेले, कान जागे.

"नाही हो आई. खिशात काहीतरी राहिलंय."

"तरी मी म्हणत असते, खिसे बघून टाकावेत. पण आमचं ऐकतंय कोण!"

तिने यंत्र थांबवलं, झाकण उघडलं आणि फेसात कोपरापर्यंत हात घातला. लेकीचं निळं जाकीट वर आलं. थंडी ओसरल्यापासून ते महिनाभर दाराआड खुंटीवरच होतं. दोन्ही खिसे रिकामे निघाले. पण उजव्या खिशाला आतून भोक होतं, आणि खाली अस्तराच्या कडेला तिच्या बोटांना काहीतरी गोल, चपटं लागलं.

काय आहे ते बोटांना आधी कळलं. तरी तिने कात्री आणली, टीप उसवली आणि तो ओला बिल्ला तळहातावर घेतला. रुपयाएवढा, जस्ताचा, वर एक भोक. त्यावर ठोकून उठवलेला आकडा: ४७.

ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावरच बसली.

शहराच्या पाण्याच्या पंपघरात नवी यंत्रणा बसत होती आणि त्या कामाच्या बदल-नोंदवहीची जबाबदारी तिच्याकडे होती. करारात दोन पानं भरून लिहिलेलं होतं: यंत्रणेत कसलाही बदल करायचा, तर तो आधी वहीत चढला पाहिजे. कोण करणार, काय बदलणार, का, आणि कोणाच्या परवानगीने. तारा इकडच्या तिकडे करायच्या असोत की एखादा नुसता आकडा. प्रत्येक बदलाला एकाच क्रमांकाचे दोन बिल्ले असत. एक पॅनेलवर टांगायचा, दुसरा तिच्या हाती द्यायचा. तिने वहीत नोंद केली, सह्या झाल्या, की काम सुरू. काम पुरं झालं की दोन्ही बिल्ले एका कडीत ओवून पेटीत.

हा नियम सगळ्यात जास्त कोणी पाळला असेल तर मास्तरांनी. ते पॅनेलचे जुने तंत्रज्ञ. वहीतलं कुणाचं अक्षर वाईट दिसलं तरी ओरडायचे, म्हणून मास्तर. "आधी नोंद, मग पाना," हे त्यांचं पालुपद. पोरं त्यांची नक्कल करायची, चहा प्यायच्या आधीही "नोंद झाली का?" म्हणून हसायची. तिला ते वहीबाई म्हणत.

महिन्यापूर्वीच्या त्या संध्याकाळी ते सत्तेचाळीस नंबर घेऊन आले होते. टाकीतलं पाणी फार खाली गेलं की पंप आपोआप थांबावा, यासाठी पाण्यात एक तरंगता गोळा असतो. जुना गोळा अडकत होता. पंप थांबवण्याचं काम त्याच्याकडून काढून नव्या गोळ्याकडे द्यायचं होतं. साहेबांची परवानगी तोंडी मिळाली होती, सही व्हायची होती. नेमका तेव्हाच पाळणाघरातून फोन आला: मुलगी तापली आहे, घेऊन जा. ती धावत जाऊन मुलीला घेऊन आली आणि खुर्चीवर राहिलेली पिशवी उचलायला परत पंपघरात शिरली. मुलगी कडेवर, नुसती रडत होती.

"वहीबाई, उद्या करू," मास्तर म्हणाले होते.

"नको, पाणी थांबेल. तुम्ही करा, मास्तर. मी लिहिते."

मास्तर क्षणभर घुटमळले. मग बिल्ला तिच्या हातावर ठेवून गेले. सगळ्या नोकरीत त्यांनी नोंदीआधी पाना उचलला तो तेवढा एकदाच.

इतकं तिला आठवतच होतं. त्यापुढचं आज, ओला बिल्ला हातात धरल्यावर आठवलं. पोर रडायची थांबेना, म्हणून तिने तोच बिल्ला तिच्या मुठीत दिला होता. "हे बघ, चांदोबा!" आणि मुलगी खरोखर गप्प झाली होती.

वही तशीच राहिली. रात्रभर तिने पोरीच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या, दुसऱ्या दिवशी रजा टाकली. इकडे नव्या पाळीच्या माणसाने पॅनेलवर सत्तेचाळीसचा बिल्ला पाहिला, वही उघडली. शेवटची नोंद शेहेचाळीस. म्हणजे बदल अजून व्हायचाय, असं त्याने धरलं. नियमाप्रमाणे त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पंप अजून जुन्याच गोळ्यावर आहे असं समजून त्याने नवा गोळा धुवायला बाहेर काढला. पाणी खाली गेलं, पंपाला थांब म्हणणारं कोणी उरलं नाही, आणि पंप कोरडा चालून जळला. अर्ध्या शहराला दोन दिवस पाणी नव्हतं.

चौकशीला लांबलचक टेबल होतं. त्याच्या टोकाला बसलेल्या तपासनीस बाईंनी सौम्यपणे विचारलं होतं,

"सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला तुमच्याकडे आला होता?"

चौकशीआधी तिने आपल्या टेबलाचा खण उपसून पाहिला होता, पिशवी उलटी केली होती. नोकरी कायम व्हायला तीन महिने उरले होते. तिने टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत उत्तर दिलं,

"माझ्याकडे नाहीये."

ते खरंच होतं. बाईंनी लिहून घेतलं, 'बिल्ला आला नाही.' तिने वाचलं, आणि खाली सही केली.

मास्तरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही, वर्गात हुशार मुलगी सोपं उत्तर चुकली की शिक्षक बघतात तसं. मग म्हणाले, "असेल. माझ्याकडूनच राहिलं असेल."

करारातलं कलम स्पष्ट होतं. नोंदीशिवाय बदल करणाऱ्याला या कामावर ठेवता येत नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना मास्तरांना उद्या, सोमवारी, आपला पास फाटकावर जमा करायचा होता.

ती उठली. ओल्या हातानेच फोन लावला.

"बोला वहीबाई," पलीकडून आवाज आला. मागे भांड्यांचा खणखणाट होता. "रविवारी कशी आठवण काढलीत?"

"मास्तर, बिल्ला सापडला. जाकिटाच्या अस्तरात होता."

भांडी वाजत राहिली. "बरं झालं," ते म्हणाले. "जोडी फुटली होती, ते मनाला लागून राहिलं होतं."

"तुम्हाला माहीत होतं? तो हिच्याकडे दिलेला?"

"तुम्ही रिक्षा थांबवत होतात तेव्हा फाटकापाशी होतो की मी. मूठ उघडून दाखवला तिने मला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

मास्तर बायकोला "गॅस बारीक कर गं" म्हणाले. मग हळू आवाजात,

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

यंत्रातलं पाणी कुठेतरी थेंबथेंब निथळत होतं.

"मी साहेबांना लिहून देते, बिल्ला माझ्या हातात आला होता आणि करा असं मीच म्हटलं होतं. आजच. उद्या तुम्ही पास देऊ नका."

"बघा बुवा," ते म्हणाले. आणि मग तिलाच धीर द्यायला की काय, हसले. "आमच्याकडे आत्तापासूनच दशा सुरू झालीय. भाजीत मीठ टाकू का विचारलं, तर बायको म्हणते, आधी नोंद! ताप उतरला ना तिचा?"

"केव्हाच."

"मग झालं."

फोन ठेवल्यावर तिने कागद शोधला. घरात कोरा असा एकच मिळाला, लेकीच्या चित्रकलेच्या वहीचा. पाठीमागे खडूचं पिवळं घर होतं. ती स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहिली. वर साहेबांचा हुद्दा लिहिला. विषय लिहिला: बिल्ला क्रमांक सत्तेचाळीस. आणि उजव्या कोपऱ्यात तारीख लिहिताना पेन थांबलं. आजची, की त्या दिवसाची? बिल्ला तर त्याच दिवशी मिळाला होता. मधल्या महिन्याचं काय लिहायचं, त्याला वहीत रकाना नव्हता.

नोकरी. घराचं भाडं. पाळणाघर. नवरा संध्याकाळी विचारेल, एवढ्या दिवसांनी कशाला? सासूबाई म्हणतील, झाकली मूठ होती ना. दोघांचंही चुकीचं म्हणता येणार नव्हतं.

मागे अनवाणी पावलं वाजली. लेक उठून आली होती, गालावर उशीच्या वळ्या, केस एका बाजूला चप्प. ओट्यावरच्या बिल्ल्याकडे तिचं लक्ष गेलं आणि डोळे एकदम उघडले.

"माझा चांदोबा! मी किती शोधला!"

"जाकिटात होता, राणी."

तिने टाचा उंचावून तो उचलला, फ्रॉकला पुसला आणि दोन्ही बाजूंनी पाहिला.

"हा मास्तरकाकांना परत द्यायचाय," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं होतं. जपून ठेव, म्हणाले, आणि आईनं वहीत लिहिलं की मला आणून दे."

पेन तिच्या हातात तसंच होतं. मुलीने आधी कागदाकडे पाहिलं, मग वर, तिच्या तोंडाकडे.

"आई, तू लिहिलंस?"