ट्रेवेलांच्या घरातली पुढची लव्हडे

"लव्हडे! ए लव्हडे! निघ त्या घाणीतून, मेले!"

कॉर्नवॉलच्या पोर्थवार्न बंदरातल्या धक्क्यावर बाबागाडी ढकलत निघालेली लव्हडे ट्रेवेला जागच्या जागी थबकली. या सुरात तिला हाक मारायची छाती गावात एकट्या आजीची होती, आणि आजीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिनं वळून पाहिलं. मासळीच्या खोक्यांमागे, बांगड्यांच्या मुंडक्यांमध्ये एक करडी कुत्री मनसोक्त लोळत होती. तिची मालकीण पट्टा हातात घेऊन नुसती नाचत होती. बाई लंडनची, उन्हाळ्यापुरती घर घेऊन राहणाऱ्यांतली.

"कुत्रीचं नाव लव्हडे?" लव्हडेनं विचारलं.

"हो ना. गोड आहे की नाही? आणि तुमचं?"

"लव्हडे."

बाई कानापर्यंत लाल झाली. मग सावरून घेण्यासाठी बोलतच सुटली. तिचा म्हणे घटस्फोट चालला होता, वकिलांनी दोघांना पिळून काढलं होतं. शेवटी एक दिवस नवराबायको समोरासमोर बसली आणि सगळं मिटवून उठली. कुत्री आलटून पालटून दोघांकडे राहायची ठरली. म्हणून हे नाव.

"पूर्वी तंटा मिटवायला असा दिवसच नेमायचे ना, दोन्ही बाजूंना एकत्र बसवून. त्या दिवसाला लव्हडे म्हणत. त्या दिवशी जन्मलेल्या मुलांना तेच नाव द्यायचे. बाकी सगळीकडून गेलं, तुमच्या कॉर्नवॉलमध्ये तेवढं टिकलं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्हाला ठाऊकच असणार."

"ठाऊक आहे," लव्हडे म्हणाली. तिला काडीचंही ठाऊक नव्हतं.

चढावर गाडी ढकलताना तिच्या डोक्यात नावच घोळत होतं. गाडीतल्या मुलीला अजून नाव नव्हतं. नोंदणीची मुदत संपत आली होती आणि रोज सकाळी वेगळं नाव बरं वाटत होतं, संध्याकाळी ते नकोसं होत होतं. नवरा जोरी खेकड्यांच्या बोटीवर. तो घरी आला की "तू म्हणशील ते" एवढं बोलून झोपून जायचा. तिच्या वडिलांनी मात्र विचारलंही नव्हतं. ट्रेवेलांच्या घरात आजी लव्हडे, नात लव्हडे, म्हणजे पुढची मुलगीही लव्हडेच, असं ते धरूनच चालले होते.

शाळेत तिच्या वेळी ती एकटी लव्हडे. मुलं नावातल्या 'डे'वरून तिला "आज लव्हडे, उद्या शनिवार" म्हणून चिडवायची. आता बालवर्गात तीन लव्हडे होत्या, तिन्ही बाहेरून येऊन राहिलेल्यांच्या. धक्क्यावरच्या नव्या बेकरीवर तेच नाव होतं. परक्या माणसांनी आपल्या कपाटातले कपडे घालून गावभर मिरवावं, तसं तिला होई. त्यात ते कपडे तिला स्वतःला कधी आवडलेही नव्हते.

घरी न जाता ती सरळ वडिलांकडे गेली. हेडली ट्रेवेला अंगणात बटाटे सोलत बसले होते.

"बाबा, आपल्या नावाचा अर्थ माहीत होता तुम्हाला?"

"भांडण मिटवायचा दिवस. तुझी आजी सांगायची की. तिच्या बापाचं शेजाऱ्याशी जाळ्यांवरून वाकडं होतं. चॅपलमध्ये दोघांना बसवलं, त्याच दिवशी ही जन्मली."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी?"

लव्हडेच्या डोक्यात तिडीक गेली. बाबा आणि रूबेन काका, सख्खे भाऊ, एकाच गल्लीत राहून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आजीच्या नावाची बोट होती त्यांची, 'लव्हडे'च. काका न्यूमोनियानं दवाखान्यात पडले असताना बाबांनी ती विकून टाकली. घेणाऱ्यानं रंग बदलला, नावही बदललं. तेव्हापासून काका समोरून आले की बाबा मासळीबाजाराला वळसा घालून जायचे.

"तुम्हाला नातीला हे नाव हवंय ना?" ती म्हणाली. "मग आधी असा दिवस करून दाखवा. रविवारी माझ्या घरी या. काकाही येतील."

"तो येतोय! आणि आला तरी मी त्याचं थोबाड बघणार नाही."

"नका बघू. कान तर आहेत ना!"

काकांनी तिला दारातच उभं ठेवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विचार त्याला, मी मरायला टेकलो असताना बोट का विकली?"

"तुम्हीच विचारा. मी काय टपाल आहे?"

रविवारपर्यंत तिला धड जेवण गेलं नाही. मूल रडलं की उचलायची, झोपलं तरी उचलायची. केशराचे बन भाजायला घातले ते दोनदा करपवले. दुपारी काका आले, टोपीसकट भिंतीला टेकून उभे राहिले. बाबा आले ते खिडकीकडे तोंड करून बसले.

"पोरी, सांग त्याला, बूट काढून यायची पद्धत आहे," बाबा म्हणाले.

"त्याला सांग, दुसऱ्याची बोट विचारून विकायचीही पद्धत आहे."

"अर्धी माझी होती!"

"मग अर्धीच विकायची होतीस!"

लव्हडेनं किटली दाणकन टेबलावर ठेवली. मूल दचकून रडायला लागलं. त्या रडण्यावर आवाज चढवून बाबा ओरडले, "डॉक्टर म्हणाला होता, तू परत समुद्रावर जाणार नाहीस! मी एकदा एकटा नेली बोट. बंदराच्या तोंडापर्यंत गेलो आणि हातपाय गळाले माझे. कुणाला सांगणार? वळवून आणली आणि दुसऱ्या दिवशी विकली."

काकांनी टोपी काढली. ती उगाच उलटीसुलटी केली.

"मला सांगायचं होतंस."

"तुझ्या तोंडात नळी होती."

"नंतर काढली ना ती."

बाबा पुन्हा खिडकीकडे वळले. काकाही पुढे आले नाहीत. हात मिळवणं वगैरे काही झालं नाही. काकांनी खुर्ची ओढली, करपलेला बन उचलला, अर्धा मोडून भावाच्या बशीत टाकला आणि म्हणाले, "लाज वाटत होती होय रे तुला? गाढवा." बाबांनी तो मुकाट्यानं खाल्ला.

"झाला बघ दिवस," डोळे पुसत बाबा लव्हडेला म्हणाले. "आता घाल नाव. लव्हडे."

"लव्हडेच," काका म्हणाले. "आईचं नाव."

लव्हडेनं मुलीकडे पाहिलं. रडून रडून तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मोठी झाल्यावर हिनंही असंच कुणाकुणाला खुर्च्यांवर आणून बसवायचं, बन करपवायचे, रात्र रात्र तळमळायचं? नाव घातलं की लोक ते काम गृहीतच धरणार. आपल्यासाठीही धरलंच होतं, फक्त कुणी बोललं नव्हतं.

"सेनारा," ती म्हणाली. हे नाव तिनं आजवर एकदाही मनात घोळवलं नव्हतं.

दोघं भाऊ एकदम वळले.

"काय?"

"सेनारा. उद्या जाऊन लिहून येणार."

"असलं कसलं नाव?" बाबा म्हणाले.

"आपल्यात कुणाचं होतं हे?" काका म्हणाले. "हेडली, तू काही बोलणार आहेस की नाही हिला?"

"ती माझं ऐकते का रे कधी?"

"तुझ्या लाडानं झालंय हे!"

बोलत बोलत दोघं बाहेर पडले. गल्लीच्या वळणापर्यंत त्यांचा आवाज येत होता. भांडत होते, पण तिच्यावरून, आणि दोघं एका बाजूनं. लव्हडे मुलीला खांद्यावर घेऊन दारात उभी राहिली. आपण बरोबर केलं की आजीचं नाव आपल्या हातानं संपवलं, ते तिला कळत नव्हतं. "सेनारा," तिनं हळूच म्हणून पाहिलं. तोंडाला अजून सवय नव्हती. तिनं पुन्हा म्हटलं, आणि मूल हलवत घरात येरझाऱ्या घालायला लागली.