तरंगणारी गोळी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर काचेचा पेला होता आणि रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या बाबांनी त्यातल्या मंतरलेल्या पाण्यात माझ्या दादाची फिटची गोळी टाकली. ती तळाला गेली. मग हळूहळू फुगली, तिच्या अंगावर बुडबुडे धरले आणि ती वर आली. लोक श्वास रोखून बघत होते.

"ह्याचं शरीर औषध नाकारतंय," बाबा म्हणाले. "विष आहे, म्हणून वर ढकलतंय."

दुसऱ्या कुणाची गोळी बुडून राहिली, तर ती म्हणे पोटात रुतून बसते. म्हणजे छापा पडो की काटा, डाव बाबांचाच.

बाबांच्या सांगण्यावरून दादा नऊ दिवस गोळी न घेता लाकूड कापायच्या यंत्रावर जात होता. वहिनीने मला हे त्याच सकाळी सांगितलं आणि मी तिच्याबरोबर तडक सभागृहात आले. ती गोळी आमच्याच औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतली होती. ती तरंगावी म्हणून मी दोन वर्षं खपले होते.

मी मंचावर गेले, पेल्यातलं पाणी चाखलं. आंबट होतं. दुसऱ्या पेल्यात माझ्या बाटलीतलं साधं पाणी ओतून वहिनीकडची दादाची आणखी एक गोळी टाकली. पाच मिनिटं ती तळाशीच होती. त्यात बाबांचं पाणी ओतल्यावर थोड्या वेळाने वर आली.

"ही गोळी आमच्या कंपनीची आहे, तिच्यात खायचा सोडा आहे," मी सांगितलं. "आंबटाने त्यातून वायू सुटतो आणि गोळीच्या चिकट थरात अडकतो, म्हणून ती तरंगते. पोटातही आम्ल असतं. तिथून ती लवकर पुढे सरकू नये, औषध दिवसभर थोडं थोडं सुटावं, म्हणून मुद्दाम तशी केली आहे."

"हिला कंपनी पगार देते," बाबा हसून म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात दादाचा डावा हात झटके देऊ लागला आणि तो कोसळला. विष बाहेर पडतंय, कुणी हात लावू नका, असं बाबांनी बजावलं आणि खरोखरच कुणी जागचं हललं नाही. मी आणि वहिनीने त्याला कुशीवर वळवलं. झटके थांबायला तीन मिनिटं लागली. मान वर केली तेव्हा बाबांची खुर्ची रिकामी होती.

दवाखान्यात वहिनीने दादाला सगळं सांगितलं. तो माझ्याकडे वळला.

"गोळी का तरंगते ते तुला माहीत होतं ना? मग मला आधी का नाही सांगितलंस?"

दादाला सांगायचं राहूनच गेलं होतं. म्हणून हे लिहिते आहे. औषध कसं काम करतं ते डॉक्टरला विचारा, समजेपर्यंत विचारा, पण कुणाच्या पेल्यात बघून ते बंद करू नका. आणि आपण औषधं बनवणाऱ्यांनी लोक विचारतील म्हणून वाट बघत बसू नये. आपण गप्प राहिलो की सांगायला बाबा पुढे येतात.