सावळीरामची अरबी

"अना अबू सोमनाथ," सावळीराम टेपरेकॉर्डरपुढे मांडी ठोकून म्हणाला. मी सोमनाथचा बाप.

"बाप हाय एवढं सांगाया तुमाला तीन आठवडे लागले," सगुणाबाई भाकरी थापता थापता हसली, आणि हसता हसताच तिला धाप लागली. पुढच्या महिन्यात तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी तिला पोराचा आवाज ऐकायचा होता, एवढंच मागणं.

सोमनाथ सौदीत दम्मामला वेल्डर होता. त्याने पसंत केलेली मुलगी सावळीरामने दारातून हाकलली होती, कारण जात आड आली. तिचं लग्न दुसरीकडे झालं आणि हा विमानात बसला. दोन वर्षं ना पत्र, ना फोन. सत्त्याण्णवच्या दिवाळीत कंपनीचा नंबर कुठून तरी मिळाला, पण तिथला कारकून हिंदी ऐकली की फोन ठेवून द्यायचा. अरबी जाणणारे शहरात होतेच. पण परक्याच्या तोंडून पोराला विनवायचं म्हणजे घरची गोष्ट चव्हाट्यावर आणायची. माणूस मोठा ताठ! द्वारका चौकात आखातात जाणाऱ्यांसाठी अरबी शिकवणाऱ्या कॅसेट मिळायच्या, त्यातल्या चार सावळीरामने घरी आणल्या.

पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं त्याने पंप दुरुस्त केले होते. नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेल्याचं तो ओळखायचा. कॅसेटही तशीच ऐकायचा, एकेक वाक्य पाच-पाचदा मागे नेऊन. टेपमधला मास्तर बोलून थांबायचा आणि त्या मोकळ्या जागेत हा घसा खरवडून उत्तर द्यायचा. पाचव्या धड्यात हॉटेल होतं. युरीद शाय? त्याला चहा हवा? मा युरीद. नको त्याला.

गुरुवारी सकाळी दोघं झुंबरच्या एसटीडी बूथवर गेली. सगुणाबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, जणू दम्मामहून ते दिसणार होतं.

फोन लागला. सावळीराम शाळेत कविता म्हणावी तसा ताठ उभा राहून बोलला. पलीकडचा कारकून चक्क हसला. "सोमनाथ? मौजूद." मौजूद म्हणजे आहे, हे कळायला कॅसेट कशाला हवी! सगुणाबाईने पदर सावरून रिसीव्हरसाठी हात पुढे केला.

तिकडे कुणीतरी सोमनाथला हाक मारली. बूथमधल्या मीटरचे आकडे पळत राहिले. कारकून परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. म्हाताऱ्याला कळावं म्हणून तो एकेक शब्द सुटा करून बोलला. "सोमनाथ मा युरीद. मा युरीद यतकल्लम."

नको त्याला. बोलणं नको. सावळीरामला शब्द न् शब्द कळला. तीन आठवडे ज्यासाठी जिवाचा आटापिटा केला, ते कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. "शुक्रन," त्याने आभार मानले आणि फोन ठेवला.

"काय म्हनला?"

"कामावर हाय सोम्या. बोलावता येत नाय म्हने."

"आन् तब्येत?"

"ठनठनीत हाय." एवढं तरी खोटं नसावं.

सगुणाबाईने हात हळूच मागे घेतला. मग ती झुंबरकडे वळली. "आइकलं का, झुंबरभाऊ? आमचं हे सायबाशी अरबीत बोललं. एक शबूद अडला नाय!"

पैसे देऊन दोघं बाहेर आली. "मला बी शिकवा," ती म्हणाली. "आपरेशन झालं की मीच लावीन फोन. माझा आवाज आइकला म्हंजी त्यो कामावरून बी पळत यील."

"शिकवीन," सावळीराम म्हणाला आणि त्याने तिचा हात धरला. पस्तीस वर्षांच्या संसारात भर रस्त्यात त्याने तिचा हात कधी धरला नव्हता. रस्ता ओलांडून झाला तरी त्याने तो सोडला नाही.