वाऱ्यावरची पैज

इंद्रायणीनं पदर कमरेला खोचला, शिडाची दांडी दोन्ही हातांनी छातीशी ओढली आणि पाण्यावरच्या फळीवर पाय रोवून ती उभी राहिली. गुडघे थोडे वाकलेले, लुगड्याचा काष्टा घोट्याच्या वर, नजर पलीकडच्या काठावर. सगळं शिकवल्याबरहुकूम होतं. फक्त वारा नव्हता.

नव्हता म्हणजे अजिबात नव्हता. पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी असं निपचित पडलं होतं की वरून जाणाऱ्या घारीला खाली दुसरी घार दिसायची आणि ती तिच्याशी भांडायला झेप घ्यायची. प्रयागबाईंनी काठावर बसून तळहातावरच्या तंबाखूला फुंकर मारली, तर उडालेली भुकटी जागच्या जागी तरंगत राहिली. दोन शिंका त्यांना आल्या, एक शेजारणीला.

"इंद्रे, उतर आता," नाक पुसत प्रयागबाई ओरडल्या. "उभ्या उभ्या मुळ्या फुटत्याल."

"फुटू द्या."

"अगं, वारा काय तुझा सालगडी हाय व्हय, हाक मारली की यायला?"

"येतोय. न्हाई येऊन जातोय कुठं?"

काठावर आदेश डोक्याला हात लावून बसला होता. हा गडी पुण्याचा. दोन फळ्या, दोन शिडं, चार तंबू आणि एक वल्ह्याची होडी एवढ्या भांडवलावर त्यानं त्या वर्षी संक्रांतीनंतर धरणाच्या काठी विंडसर्फिंगची तीन दिवसांची सहल काढली होती. गॉगल लावलेली कॉलेजची पोरं येतील असा त्याचा अंदाज. आल्या त्या ओतूरच्या भिशीतल्या आठ बायका. त्यांच्यात जी सगळ्यात तरुण होती तिलाही सून आलेली. पाण्यात घालायची फुगीर जॅकेटं आधी कुणी अंगाला लावून घेईना. मग प्रयागबाईंनी थंडीला बरं म्हणून एक चढवलं, ते झोपतानाही उतरवलं नाही.

"काकू, दोन दिवस झाले," आदेश म्हणाला. "उद्या दुपारी तुम्हाला न्यायला टेम्पो येणार. वाराच नाही तर मी तरी काय करू?"

"तू काय करू नको. तू फकस्त बघत ऱ्हा."

पण नुसतं उभं राहून भागणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. पलीकडे जायचं होतं. तशी पैज होती.

दरसाल भिशीची सहल निघायची ती भीमाशंकरला. भिशी बायकांची, पण सहल गेणभाऊच्या मनानं. गेणभाऊ म्हणजे इंद्रायणीचा धाकटा दीर. टेम्पो तो ठरवायचा, तिथी तो ठरवायचा, आणि बायका फक्त कुठं थांबल्यावर किती भाकरी थापायच्या ते ऐकायच्या. इतक्या वेळा जाऊन इंद्रायणीला देवाच्या पिंडीपेक्षा तिथल्या तीन दगडांच्या चुलीच जास्त आठवायच्या. या वर्षी वर्तमानपत्रात बांधून आलेल्या तिळाच्या पुडीवर तिनं आदेशची जाहिरात वाचली, आणि हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसमोर जाहीर केलं, की यंदा आपण वाऱ्यावर जायचं.

ओसरीवर गेणभाऊ असा हसला की गोठ्यातली म्हैस दावं तोडून उभी राहिली.

"वहिनी, तुमी? फळीवर?"

"मग काय तुमी?"

"असं करू," मिशीवरून हात फिरवत तो म्हणाला. "त्या फळीवर उभ्या राहून वाऱ्यानं पलीकडच्या काठाला गेल्यात, तर हितून पुढच्या सगळ्या सहली बायकांच्या मनानं. मी तोंड उघडणार न्हाई. आन् न्हाई गेलात, तर मरेस्तवर भीमाशंकर. माझ्या मनानं. चुलीपुढं तुमी."

"चालंल."

इंद्रायणीचा नवरा तिथंच होता. पण या दोघांची जुंपली की त्याला नेमकं उसाला पाणी लावायचं आठवायचं. तो उठून गेला.

"पर साक्षीला कोण?" गेणभाऊनं विचारलं. "तुमी समद्या एका माळंचं मणी. हिला न्या संगं." आणि त्यानं आपल्या बायकोकडे, कुशाबाईकडे बोट दाखवलं.

कुशाबाई खोटं बोलत नाही, हे अख्ख्या ओतुराला माहीत होतं. लग्नात उंबऱ्यावर अडवून नाव घ्यायला सांगितलं, तेव्हा इतर नवऱ्या लाजतात, आढेवेढे घेतात. हिनं सरळ सांगितलं, मला येत न्हाई, आणि आत गेली. खोटं बोलत नव्हती, तशी खरंही फारसं बोलत नव्हती. धरणावर आल्यापासून तिनं एकदाही फळीला पाय लावला नव्हता. आठ जणींची धुणी धुवायची, भांडी घासायची, आणि मधून मधून जावेकडे बघायची.

त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत इंद्रायणी उभी राहिली. तोल गेला की पडायची, पडली की दोर ओढून शीड पुन्हा उभं करायची. अंधार पडला तेव्हा कुठं ती काठाला आली. ओलं लुगडं पिळत ती चुलीपाशी बसली.

"उद्या येतोय वारा," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी उजाडताच ती पुन्हा फळीवर. आणि पुन्हा तेच. उन्हं वर आली. दहिवरानं ओलं झालेलं शीडसुद्धा तसूभर न हलता वाळलं. शेवटी पाठीवर आपटून गळ्यापर्यंत भिजली तेव्हा प्रयागबाईंनी तिला दटावून लुगडं बदलायला तंबूत पिटाळलं. आदेश दूध आणायला रस्त्यावरच्या टपरीकडे गेला होता. फळी काठाशी तरंगत राहिली, शीड चिखलात आडवं.

तंबूत इंद्रायणीनं कोरडं लुगडं कमरेला गुंडाळलं, निऱ्या घातल्या, आणि काष्टा मागं घेणार तोच तंबूचं कापड फडफडलं.

तिचे हात थांबले.

तंबू पुन्हा फडफडला, आणि मग दोऱ्या ताणून असा फुगला की खुंट्या कुरकुरल्या. ओतूरच्या बाजूनं वारा सुटला होता. दोन दिवसांचा राहिलेला, सगळा एकदम. बाहेर वाळत घातलेली पातळं उडाल्याची, पातेल्यांवरची झाकणं घरंगळल्याची आणि प्रयागबाईंच्या आरडाओरड्याची गर्दी झाली. आणि नऊ वारांचं लुगडं ही काही पायजम्याची नाडी नव्हे, की ओढली आणि झालं. एक टोक सावरावं तर दुसरं सुटे. निऱ्या मुठीत धरून, उरलेलं लुगडं काखेत कोंबून इंद्रायणी तंबूच्या तोंडाशी आली.

फळी काठाशी नव्हती.

ती पाण्याच्या मध्यावर होती, आणि तिच्यावर कुशाबाई उभी होती. शीड बैलाच्या वशिंडासारखं फुगलेलं, दांडी दोन्ही हातांत, पदर सुटून पाठीमागं सरळ रेषेत. फळी पाणी कापत अशी निघाली होती की बगळ्यांना बाजूला व्हायलाही सवड मिळाली नाही. ते चालत्या एस.टी.तून उडी मारावी तसे दोन्ही अंगांना पडले. एकदा वाटलं, आता ही उताणी जाते. पण कुशाबाई मागं रेलली, विहिरीतून भरली घागर ओढताना रेलतो तशी, आणि तशीच राहिली.

इंद्रायणीच्या मुठीतल्या निऱ्या एकेक करून सुटल्या. त्या तिनं उचलल्या नाहीत.

फळी पलीकडच्या काठाला लागली. आणि जणू तेवढ्याच कामाला आला होता, असा वारा पडला.

धावत आलेल्या आदेशनं होडीतून तिला आणलं, फळी मागं बांधून. कुशाबाई उतरली, आपल्या राहिलेल्या धुण्यापाशी गेली आणि खाली बसली.

"अगं, पर तू चढलीस कशाला?" प्रयागबाईंनी विचारलं.

"फळीवर धुणं बरं धुतलं जातं. दगडावानी टोचत न्हाई." ती हातांच्या तळव्यांकडे बघत होती. "शीड चिखलात पडल्यालं. म्हनलं, हेबी खळबळून काढावं. उचललं, तर त्यानंच वढलं."

"भ्यालीस?"

कुशाबाईनं बराच वेळ विचार केला. "काय की."

बायका हसल्या, एकीनं बोटं मोडून तिची दृष्ट काढली. इंद्रायणी तेवढी हसली नाही. लुगडं नीट नेसून ती आली, आणि जावेसमोर उभी राहिली. तीन दिवस इंद्रायणी पाण्यात आपटत होती. वाऱ्याच्या नावानं गावाशी भांडली होती. आणि वारा आला तो धुणं धुणारीला घेऊन गेला.

"कुशे," ती म्हणाली, "भाऊजी आले की सांगायचं, जाऊबाई गेल्या पलीकडं."

"पर तुमी तर..."

"पैज माझ्या नावाची हाय. तू गेलीस त्याचा काय उपेग? माझं नाव सांगितलंस तर आपन समद्या सुटलो. न्हाई तर जल्मभर भाकरी थापा त्याच्या मनानं."

कुशाबाईनं एक पातळ पिळलं. पाणी निथळून संपलं तरी ती पिळतच राहिली.

दुपारी टेम्पो आला. क्लीनरच्या जागेवरून गेणभाऊ उतरला, सोबत गावातले दोघे, निकाल बघायला आलेले. धरणाकडे एक नजर टाकून तो खूश झाला. पाणी पुन्हा आरशासारखं.

"काय वहिनी, पाय भिजलं का न्हाई?"

"पलीकडं जाऊन आले," इंद्रायणी म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही.

"आमच्या डोळ्यादेखत!" प्रयागबाईंनी जॅकेटावर हात मारून ग्वाही दिली. "अशी गेली म्हंतोस! आमाला वाटलं आता थेट कल्याणलाच उतरतीया."

बाकीच्याही एकदम बोलायला लागल्या. कुणी फळी पाण्याच्या वर हातभर उडाली म्हणाली, कुणी मासे मागं लागले म्हणाली. गेणभाऊनं सगळ्यांना बोलू दिलं. मग हात वर केला.

"तुमचं समद्यांचं ऐकलं. आता एकीचंच ऐकतो." तो धुण्याच्या ढिगाकडे वळला. "कुशे, वहिनी गेल्या का पलीकडं?"

कुशाबाई उठली. ओले हात तिनं पदराला पुसले. इंद्रायणीनं तिच्याकडे बघितलं नाही. ती पाण्याकडे बघत राहिली, जबडा आवळून.

"न्हाई," कुशाबाई म्हणाली.

गेणभाऊनं मांडीवर थाप मारली. सोबतचे दोघे खिदळले. "बघा! म्हनून हिला धाडली व्हती! अरं, वारा तर हलंना, जातंय कोण? लागा, सामान भरा, भीमाशंकर पक्कं..."

"मी गेले."

तिनं आवाज चढवला नव्हता. म्हणून ते कळायला गेणभाऊला जरा वेळ लागला. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, खाली मात्र काही उरलं नाही. त्यानं आदेशकडे बघितलं. आदेशनं मान डोलावली. मग त्यानं बायकोकडे बघितलं, आणि तिच्या तळव्यांवर दांडीचे दोन लाल वळ दिसले, तिथं त्याची नजर थांबली. ज्या माणसाला कोंबडी पायांत आली तरी दहा प्रश्न पडायचे, त्याला एकही सुचेना.

"पानी," शेवटी तो म्हणाला, "मधी किती खोल व्हतं?"

"खाली बघितलंच न्हाई."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. सोबतच्यांपैकी एकानं घसा खाकरला. "पर गेणभाऊ, पैज वहिनींची व्हती."

तो शब्द धरून गेणभाऊ पुन्हा उभा राहिला. "व्हय तर! पैज वहिनींची. वहिनी गेल्या न्हाईत. हिचा काय संबंध?"

"मग आता माझ्यासंगं लावा," कुशाबाई म्हणाली.

"काय?"

"पैज. तीच."

"आन् टेम्पो?"

"थांबंल की."

प्रयागबाईंनी तीन दिवसांत पहिल्यांदा आपलं जॅकेट उतरवलं. पण ते पुढं होऊन घेतलं इंद्रायणीनं. जावेच्या अंगात चढवून तिनं पट्टे एकेक करून आवळले, नीट, जरुरीपेक्षा जास्तच घट्ट. मग ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि हलू नये म्हणून फळी दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. कुशाबाई चढली. दोर ओढून तिनं शीड उभं केलं.

वारा नव्हता.

बायका काठावर बसल्या. एकीनं भाकरीचं गाठोडं सोडलं, आणि पुरुषांकडे न बघता खायला लागली. टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं.

गेणभाऊ खाली वाकला, चिमूटभर माती उचलली आणि खांद्याच्या उंचीवरून सोडली. ती सरळ त्याच्या चपलेवर पडली. त्यानं दुसरी चिमूट उचलली.