एका गुणाचे दावेदार

कॉलेजांच्या कुस्ती स्पर्धेत संघ एका गुणाने पहिला आला आणि भांडण तिथेच सुरू झालं. दहा गुणांनी आला असता तर कुणी तोंड उघडलं नसतं. दहा गुण वाटून घेता येतात. एक गुण कुणाचा?

जो तो म्हणायचा, माझा. सुवर्णपदक मिळवलेला कॅप्टन म्हणायचा, सोनं नसतं तर कप कुठून आला असता? सगळ्यांत वजनदार गटातला गडी, ज्याला सगळे ट्रॅक्टर म्हणत, अंतिम कुस्ती हरला होता, पण त्याआधी त्याने तिघांना चीत केलं होतं, आणि चीत केलं की संघाला जादा गुण. ते जादा गुण वगळून बघा म्हणजे कळेल, असं तो म्हणायचा. सगळ्यांत हलक्या गटातला स्प्रिंग तिसरा आला होता, तोही शेवटच्या चार सेकंदांत समोरच्याला गरकन फिरवून. त्याचाही दावा तोच. राखीव गडी तर एकदाही मॅटवर उतरला नव्हता. तो म्हणाला, "मी उतरलो असतो तर एक गुण नक्की गेला असता. मग तो वाचवला कुणी?"

मामा हे सगळं वजनाच्या खोलीत बसून ऐकत होते. मामा म्हणजे कॉलेजच्या वजनकाट्यावरचा माणूस. एकवीस वर्षं त्यांनी पोरांना चड्डीवर उभं करून तोललं होतं. या वेळची स्पर्धा त्यांच्याच कॉलेजात झाली, त्यामुळे बाहेरची पोरंही त्यांच्याच काट्यावर चढली. पन्नास ग्रॅमसाठी रडणारी पोरं त्यांनी पाहिली होती आणि पन्नास ग्रॅमसाठी कधी कुणाला सोडलं नव्हतं. त्यामुळे वर्षाचा उत्तम मल्ल ठरवायच्या बैठकीत जेव्हा तिढा पडला, तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या.

तिढा असा की वस्तादांना ट्रॅक्टर हवा होता आणि खेळ विभागाच्या बाईंना कॅप्टन.

"सोनं ते सोनं," बाई म्हणाल्या.

"कॅप्टनसमोरचा एक गडी वजनात बसला नाही, तो घरी गेला. एक कुस्ती न खेळताच मिळाली. हे कसलं सोनं?" वस्ताद म्हणाले.

"मग तुमच्या ट्रॅक्टरने अंतिम कुस्तीत काय केलं? आडवा पडला."

"पडताना लढला!"

"पडणारे सगळे लढतच पडतात, वस्ताद."

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "तिसरं मत मामांचं. बक्षीस समारंभ पुढच्या शनिवारी आहे. तोवर मामा सांगतील ते अंतिम."

मामांनी मान हलवली. खरं तर ते तिथल्या तिथे सांगू शकले असते. त्यांचं केव्हाच ठरलं होतं. पण "विचार करून सांगतो" असं म्हणायची पद्धत असते, म्हणून ते म्हणाले.

त्या संध्याकाळी दारावर थाप पडली. मामा दचकले. बायको जाऊन सात महिने झाले होते आणि पहिला महिना सरल्यावर त्या दारावर कुणी थाप मारली नव्हती. बायको भांडखोर होती. म्हणजे वाईट नव्हती, पण खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर दोघांचं एकतीस वर्षं भांडण चाललं होतं. आता खिडकी मामांना हवी तशी बंद असायची आणि त्यात त्यांना काडीचीही मजा येत नव्हती. घरात बोललेलं खोडून काढणारं कुणी उरलं नव्हतं. मामा बातम्या लावून बसायचे आणि बातम्या देणाऱ्याशी वाद घालायचे, पण तो ऐकायचा नाही.

दारात कॅप्टन होता. हातात फोन. "मामा, म्हटलं, माझ्या कुस्त्या तुम्ही नीट बघितल्यात की नाही…"

"नाही बघितल्या. काट्यावर होतो मी. ये, बस. चहा घेशील?"

कॅप्टन दीड तास बसला. प्रत्येक पट कसा काढला, प्रत्येक पकड कशी सोडवली, सगळं थांबवून थांबवून दाखवलं. मामांनी मुद्दाम खोडी काढली. "इथे तर तूच खाली आहेस."

"मामा, तो निळ्या पोशाखातला. मी लाल!"

"असं होय? मग हा निळा बरा खेळतो."

कॅप्टन ताडकन उठला, परत बसला, कुस्ती पुन्हा पहिल्यापासून लावली. तो गेला तेव्हा मामांनी दोन कप धुतले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. तो बोलण्यात कच्चा. नुसता खुर्चीत बसून राहिला आणि खुर्ची कुरकुरत राहिली. शेवटी म्हणाला, "मामा, काही उचलायचं-बिचलायचं आहे का?" मामांनी विचार केला आणि कपाट या भिंतीचं त्या भिंतीला न्यायला सांगितलं. ट्रॅक्टरने ते एकट्याने मिठीत घेऊन नेलं. मामा लांबून बघत म्हणाले, "तिथे काही बरं दिसत नाही. पण आता दमला असशील. उद्या ये, परत हलवू."

तिसऱ्या दिवशी स्प्रिंग आला. तो आल्या आल्या स्टुलावर चढून माळ्यावरची जळमटं काढायला लागला आणि तोंडाची टकळी चालूच. वस्ताद कसे घोरतात, बाईंनी विजयाच्या वेळी कुणालातरी मिठी मारली आणि मग तो आपला नव्हे, दुसऱ्या कॉलेजचा निघाला, असं सगळं. मामा पोट धरून हसले. हसता हसता त्यांना एकदम गप्प व्हावंसं वाटलं, कारण इतकं हसलो हे सांगायचं कुणाला, ते सुचेना. मग स्प्रिंग म्हणाला, "मामा, हा डबा रिकामाच आहे, टाकू?" आणि "टाकू नकोस, गाढवा" असं ओरडण्यात ती वेळ निघून गेली.

पुढे मामांनी वेळा वाटून दिल्या, पण पोरं वेळा पाळतात थोडीच! मंगळवारी तिघं एकदमच आले आणि खोलीत अशी जुंपली की खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी वर आल्या. त्या मामांच्या बायकोच्या जिवाभावाच्या मैत्रीण. गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचणी. त्यांनी टाचणी काढून ब्लाउजला टोचली, पोरांना जिन्यावरून खाली पिटाळलं आणि कमरेवर हात ठेवले.

"भाऊजी, हे काय चाललंय?"

"विचार चाललाय. जबाबदारीचं काम आहे."

"विचार? काल नळ दुरुस्त झाला, परवा कपाट हललं, आज पुन्हा हललं. तुमचा विचार फार कष्टाळू दिसतोय."

"वहिनी, पोरं आपणहून करतात."

"आणि तुम्ही करू देता. खरं सांगा, निकाल कधी ठरला?"

मामांनी खाली बघितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि या बाईपुढे तर चाललंही नसतं. "पहिल्या दिवशीच."

"मग सांगून मोकळे का होत नाही?"

"सांगितलं की येणार कोण?"

 वहिनींनी कपाटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "होतं तिथेच बरं होतं ते," आणि गेल्या.

मामांचा निकाल काट्यावरच लागला होता. स्पर्धेच्या सकाळी कॅप्टन तीनशे ग्रॅम जास्त भरला होता. वजन द्यायला एक तास उरला होता. कॅप्टन पांढराफटक पडून भिंतीला टेकला होता. स्प्रिंगचं वजन झालं होतं, त्याने आता खायचं, प्यायचं, आडवं व्हायचं. तो खायचा सोडून उठला, दोघांनी तीन-तीन स्वेटर चढवले आणि स्प्रिंग त्याला घेऊन मैदानाला फेऱ्या मारायला लागला. कॅप्टन बसला की हा त्याला शिव्या घालून उठवायचा. वेळ संपायला सहा मिनिटं असताना कॅप्टन काट्यावर चढला आणि वजनात बसला. मामांनी आकडा लिहिला. कॅप्टनचं सोनं आणि स्प्रिंगचं दमून मिळालेलं तिसरं स्थान, दोन्ही त्या तासात होतं. हे तिघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आठवडाभर घरी येऊन, जळमटं काढून, जगभराच्या गप्पा मारून स्प्रिंगने त्यातलं अवाक्षरही काढलं नव्हतं. कॅप्टनची अब्रू जाईल म्हणून. म्हणजे मामांनाही ते बोलून दाखवणं शक्य नव्हतं.

शनिवारी सभागृहात मामांनी माइक हातात घेतला, नको इतका तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, "उत्तम मल्ल, स्प्रिंग." कारण काहीच दिलं नाही. ट्रॅक्टर आ वासून बघत राहिला. वस्ताद आणि बाई आयुष्यात पहिल्यांदा एकाच बाजूला झाले. "हे काय, मामा? तिसरा आलेला?" कॅप्टन मात्र टाळ्या वाजवत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

रविवारी संध्याकाळी मामांनी दूध जास्त आणलं. कुणी आलं नाही. सोमवारीही नाही. रुसलेले रुसून बसले होते, आणि ज्याला बक्षीस मिळालं त्याला आता मामांकडे काय काम? दूध नासलं. मामांनी ते मोरीत ओतलं आणि भांडं घासत बराच वेळ उभे राहिले. बातम्या लावल्या, बंद केल्या.

मंगळवारी सकाळी वजनाच्या खोलीच्या दारावर कागद चिकटलेला होता. मामांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "उत्तम मल्लाचा निकाल ज्यांना मान्य नाही, त्यांना आठ दिवसांत हरकत घेता येईल. लेखी हरकत स्वीकारली जाणार नाही. स्वतः येऊन, तोंडी. संध्याकाळी सहानंतर, मामांच्या घरी."

बाई कागद वाचून तरातरा आत आल्या. "मामा, हा नियम कुठल्या पुस्तकात आहे?"

"नवा आहे."

"मॅटवर हरकत पाच सेकंदांत घ्यावी लागते, आठ दिवसांत नाही!"

"ही मॅटवरची नाही, बाई. ही खुर्चीत बसून घ्यायची आहे. तुमची काही असेल तर तुम्हीही या."

"माझी आहेच!" बाई म्हणाल्या.

सहाला पाच कमी असतानाच जिना धडधडला. पुढे ट्रॅक्टर. त्याने रस्त्यात पाठ करून आणलं होतं, पण दारात येताच विसरला आणि नुसतं म्हणाला, "मामा, तुम्ही असं करायला नको होतं." त्याच्या मागे वस्ताद, वस्तादांच्या मागे त्यांच्याशी वाद घालत बाई, आणि बाईंच्या मागे राखीव गडी. त्याची हरकत अशी की आपला विचारच झाला नाही.

"तू खेळलास कुठे?" वस्ताद ओरडले.

"तेच तर म्हणतोय!"

मग कॅप्टन आला. "मला निकाल मान्य आहे," तो दारातूनच म्हणाला. "पण सगळे इथे आलेत, म्हणून…"

"मान्य असलेल्यांनी पण यायचं असतं का?" बाईंनी विचारलं.

"हो," मामा म्हणाले. "ते वेगळ्या रांगेत."

सगळ्यांत शेवटी स्प्रिंग धापा टाकत आला. "मामा, माझीच हरकत आहे! सगळे मला विचारतायत, तुला का दिलं? मी काय सांगू?"

कॅप्टनने त्याच्याकडे बघितलं. स्प्रिंगने छताकडे बघितलं.

"तुला काही सांगता येत नाही, यासाठीच दिलं," मामा म्हणाले आणि कप मांडायला लागले. सहा कप घरात होते. माणसं सात झाली. वहिनी स्वतःचा कप हातात घेऊनच वर आल्या आणि दारातून म्हणाल्या, "माझी हरकत आवाजाबद्दल आहे. कुठे बसू?"

ट्रॅक्टरला आता सगळं आठवलं होतं. तो पलंगावर बसला, पलंग दबला, आणि त्याने पहिल्या चितपटीपासून हिशोब मांडायला सुरुवात केली. वस्ताद मधेच दुरुस्त्या सांगत होते. बाई दुरुस्त्यांच्या दुरुस्त्या करत होत्या. राखीव गडी हात वर करून बसला होता आणि त्याला कुणी बोलू देत नव्हतं.

मधेच कॅप्टन मामांजवळ सरकला. "मामा, एक विचारू? तुम्ही निकाल बदलणार आहात का?"

"अजिबात नाही."

"मग आम्ही भांडायचं कशाला?"

"मग काय, गप्प बसायचं?" मामा म्हणाले, आणि ट्रॅक्टरकडे वळून मोठ्याने ओरडले, "तिसऱ्या कुस्तीत तू चीत केलंस म्हणतोस? मला नाही पटत. पहिल्यापासून सांग."